आधी पाणी मोजा, मग तेल

प्रश्न पेडणे तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात यंदाच रुजू झालेल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेचा आहे. बारावीच्या प्रात्यक्षिकात बहिर्वक्र भिंग आणि सपाट आरसा घेऊन पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाणी प्रकाशाला किती वळवतं तो आकडा, काढायचा होता. २० गटांची उत्तरं १.२६ पासून १.४२ पर्यंत पसरली आणि दोन-तीन गटांनी गुपचूप १.३३ लिहून टाकलं. चूक नेमकी कुठे होते, याच साहित्यावर खोबरेल तेल किंवा नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस, मोजण्याचा प्रकल्प होईल का, आणि जर्नलात जो आकडा आला तोच लिहू द्यावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, ३१ वर्षं मी हाच प्रयोग करून घेतला, म्हणून आधी उलट एक प्रश्न विचारतो. ते २० आकडे तुम्ही एका रेषेवर मांडून पाहिलेत का? नसतील मांडले तर आज मांडा. फळ्यावर १.२५ ते १.४५ अशी रेघ ओढा आणि प्रत्येक गटासाठी एक फुली मारा. फुल्या १.३३ च्या दोन्ही बाजूंना सारख्या पसरल्या असतील तर दोष मुलांच्या डोळ्याचा, म्हणजे पॅरालॅक्स (डोळा हलवल्यावर टाचणी आणि तिची प्रतिमा एकमेकींपासून सरकतात तो फरक) नीट काढलेला नाही. सगळ्या फुल्या एकाच दिशेला सरकल्या असतील तर दोष मोजमापाच्या पद्धतीचा. आणि फुल्यांचे दोन वेगळे ढीग पडले असतील, एक १.२७ च्या आसपास आणि दुसरा १.४२ च्या आसपास, तर दोष भिंगाचा आहे. तुमचे दोन टोकांचे आकडे पाहून मला या तिसऱ्या शक्यतेचा दाट संशय येतो, कारण हा प्रकार मी स्वतः भोगलेला आहे.

एका वर्षी प्रयोगशाळेत नवी भिंगं आली. पुरवठादाराने यादीत 'समबहिर्वक्र, नाभीय अंतर १५ सेंमी' असं लिहिलं होतं. नाभीय अंतर, म्हणजे समांतर किरण भिंगापासून जिथे एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर, बरोबर होतं; सम, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी फुगीर, मात्र ती नव्हती. एका बाजूची वक्रतात्रिज्या १४ सेंमी, दुसरीची साडेसतराच्या पुढे. बोटांना हा फरक कळत नाही, डोळ्यांना तर नाहीच. मुलं स्फेरोमीटर (वक्रता मोजायचं तीन पायांचं, मधे स्क्रू असलेलं यंत्र) एका बाजूवर ठेवून त्रिज्या काढायची, मग भिंग पुसायची आणि आरशावर ठेवताना जी बाजू खाली येईल ती येऊ द्यायची. १४ वाली बाजू मोजून १७.६ वाली पाण्यात ठेवली की उत्तर १.२६ ते १.२७; उलट केलं की १.४२. निम्मा वर्ग इकडे, निम्मा तिकडे. मी पंधरा दिवस मुलांना टाचणी नीट लावा म्हणून रागावत होतो. शेवटी आमच्या प्रयोगशाळा सहायकाने भिंग उलटं करून दाखवलं तेव्हा माझा आवाज खाली आला. तेव्हापासून प्रत्येक भिंगाच्या कडेला मार्करचा एक ठिपका असतो. ठिपका ज्या बाजूला, तीच बाजू स्फेरोमीटरखाली आणि तीच द्रवात.

आता प्रयोग मुळापासून पाहू, म्हणजे बाकीच्या चुका कुठे शिरतात ते कळेल. आरशावर भिंग ठेवलं, वर टाचणी आडवी धरली आणि टाचणीचं टोक व तिची उलटी प्रतिमा एकाच जागी आणली की टाचणीचं अंतर म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर. मग भिंगाखाली पाण्याचे चार-पाच थेंब टाकले की भिंग आणि आरसा यांच्यामध्ये पाण्याचं एक पातळ भिंग तयार होतं. वरून भिंगाच्या पोटाला चिकटलेलं, खालून सपाट. ते अंतर्वक्र जातीचं, म्हणजे किरण पसरवणारं. त्यामुळे जोडीचं नाभीय अंतर वाढतं. एकट्या भिंगाच्या अंतराचा व्यस्त (म्हणजे १ भागिले ते अंतर) वजा जोडीच्या अंतराचा व्यस्त, याला खालच्या पृष्ठभागाच्या वक्रतात्रिज्येने गुणलं की 'अपवर्तनांक वजा १' मिळतं. एवढंच सूत्र आहे. १५ सेंमीचं भिंग आणि १५.६ सेंमी त्रिज्या धरली तर पाणी घातल्यावर टाचणी २२ सेंमीच्या किंचित वर जायला हवी. खोबरेल घातलं तर साडेसव्वीसच्या पुढे. हे आकडे आधीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. टाचणी कुठे शोधायची ते मुलांना कळतं आणि अर्धा तास वाचतो.

आरसा मागून मुलामा दिलेला, जाड काचेचा असतो. त्या काचेने उत्तर बिघडेल का, असं हुशार मुलं विचारतात. बिघडत नाही. टाचणी योग्य जागी असते तेव्हा भिंगातून खाली येणारे किरण समांतर असतात आणि समांतर बाजूंच्या काचेतून गेले तरी समांतरच राहतात. व्हायव्हात विचारायला हा प्रश्न उत्तम.

टाचणी शोधताना एक सापळा आहे, तो फार कोणी सांगत नाही. आरसा लख्ख प्रतिमा देतो, पण भिंगाचा खालचा पृष्ठभाग स्वतःही थोडा प्रकाश परत पाठवतो. त्याची एक फिकट, उलटी प्रतिमा लख्ख प्रतिमेच्या निम्म्याच अंतरावर, आपल्या भिंगासाठी साडेसात सेंमीच्या आसपास, दिसते. घाईत असलेलं पोर तिलाच धरून बसतं आणि नाभीय अंतर ७.६ लिहितं. हीच फिकट प्रतिमा कामालाही येते. आरसा काढून भिंग काळ्या कागदावर ठेवा आणि त्या प्रतिमेशी टाचणी जुळवा. त्या अंतराच्या व्यस्तातून नाभीय अंतराचा व्यस्त वजा केला की खालच्या पृष्ठभागाच्या त्रिज्येचा व्यस्त मिळतो. स्फेरोमीटरला हातही लावावा लागत नाही. याला बॉइजची पद्धत म्हणतात. उत्साही मुलांना जरूर करू द्या.

पॅरालॅक्सबद्दल एकच नियम घोकून घ्या: डोळा हलवला की जे डोळ्याबरोबर सरकतं ते लांबचं. प्रतिमा डोळ्याबरोबर सरकली तर ती टाचणीच्या खाली आहे, टाचणी खाली घ्या. उलट असेल तर वर. आणि डोळा टाचणीच्या वर किमान वीतभर हवा. मुलं वाकून टाचणीला नाक लावतात. तिथून दोन्ही गोष्टी एकदम स्पष्ट दिसणं शक्यच नाही.

आता खरी गंमत. हे सगळं नीट केलं, भिंगावर ठिपका दिला, तरी उत्तर १.३५ नाहीतर १.३१ येऊ शकतं. दोष बहुतेक वेळा स्फेरोमीटरचा, आणि त्यातही स्क्रूचा नव्हे, पायांचा. सूत्रात तीन पायांमधल्या अंतराचा वर्ग येतो. मुलं कागदावर पाय दाबतात, तीन खळगे पडतात आणि मग फूटपट्टीने खळग्याच्या कुठल्याही कडेपासून कुठल्याही कडेपर्यंत मोजतात. ३० मिमीमध्ये १ मिमीची चूक म्हणजे तीन टक्क्यांहून थोडी जास्त. वर्ग केल्यावर ती साडेसहा टक्क्यांपुढे जाते. तेवढी चूक त्रिज्येत, तेवढीच 'अपवर्तनांक वजा १' मध्ये. म्हणजे ०.३३३ च्या जागी ०.३५५. स्क्रूचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप, ०.०१ मिमी आहे म्हणून मुलं खूश असतात, आणि इकडे घरभर पाणी शिरलेलं असतं. खळगे टोकदार हवेत, कागदाखाली कार्बन पेपर ठेवा, तीनही बाजू मोजून सरासरी घ्या.

दुसरी गोष्ट, अंतर कुठून मोजायचं? भिंगाच्या मध्यापासून. पण मध्य तर काचेच्या पोटात. म्हणून भिंगाच्या माथ्यापर्यंतचं आणि मग भिंग उचलून आरशापर्यंतचं अशी दोन मापं घेऊन त्यांची सरासरी काढतात. ५ सेंमी व्यासाच्या आपल्या भिंगाची जाडी साधारण ६ मिमी असते. फक्त माथ्यापर्यंत मोजलं तर पाण्याचं उत्तर १.३४४ येतं, फक्त आरशापर्यंत मोजलं तर १.३२२. बाकी सगळं बिनचूक असूनही.

आता मी ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. हे सगळे दोष एकाच युक्तीने जवळजवळ नाहीसे होतात आणि ती युक्ती फुकट आहे. अनोळखी द्रव मोजायचा असेल तर आधी त्याच भिंगाने, त्याच बाजूने, त्याच पद्धतीने पाणी मोजा, आणि पाण्याचा अपवर्तनांक १.३३३ हा माहीत आहे असं धरून चाला. मग त्रिज्या लागतच नाही. भिंगाच्या व्यस्तातून तेलाच्या जोडीचा व्यस्त वजा करा, भिंगाच्या व्यस्तातून पाण्याच्या जोडीचा व्यस्त वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि ०.३३३ ने गुणा. झालं तेलाचं 'अपवर्तनांक वजा १'. त्रिज्या वर आणि खाली दोन्हीकडे असल्याने ती उडून जाते, आणि तिच्याबरोबर स्फेरोमीटरच्या पायांचे खळगेही.

जाडीची चूकसुद्धा बरीचशी जाते. आकड्यांनी दाखवतो. समजा एका गटाने तिन्ही वेळा फक्त माथ्यापर्यंतच मोजलं: भिंग १४.७, पाणी २१.७६, खोबरेल २६.२८ सेंमी. नेहमीच्या सूत्राने, त्रिज्या १५.६ घेऊन, खोबरेलाचा अपवर्तनांक १.४६८ येतो, खरा आहे १.४५३ च्या जवळ. पाण्याशी तुलना केली तर त्याच चुकीच्या मापांतून १.४५२ येतो. चूक पंधरा हजारांशांवरून एकावर आली. वर्गात हे उदाहरण मी दरवर्षी सोडवून दाखवायचो, आणि दरवर्षी कोणीतरी म्हणायचं, "सर, मग एवढा स्फेरोमीटर फिरवला कशाला?" तो फिरवायचा कारण तो अभ्यासक्रमात आहे आणि परीक्षेत विचारतात. पण प्रकल्पात तुम्हाला कोणी अडवत नाही.

अंतर्वक्र आरशात पाणी ओतून करायचा जो दुसरा प्रयोग आहे, त्याबद्दल फार लिहीत नाही. तिथे मुलांची एकच चूक होते: पाणी जास्त ओततात. ३० सेंमी त्रिज्येच्या आरशात मधोमध २ मिमी पाणी असेल तर थेट भागाकार (आरशाची त्रिज्या भागिले पाणी घातल्यावरचं टाचणीचं आरशापासूनचं अंतर) १.३३० देतो, १ सेंमी असेल तर १.३२ च्या खाली जातो. चमचाभर पाणी पुरे.

ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने खरी खोली आणि भासमान खोली मोजून, पहिलीला दुसरीने भागूनही अपवर्तनांक काढता येतो. त्याचा व्हर्निअर शंभरावा मिलिमीटर वाचतो म्हणून मुलं पाच दशांश लिहितात. पण फोकस कधी नेमका लागला हे डोळ्याला दहाव्या-पाचव्या मिलिमीटरपेक्षा बारीक कळत नाही. ३ सेंमी खोल पाण्यावर एवढ्यामुळे दुसऱ्या दशांशातच एकाचा फरक पडतो. यंत्राचा लीस्ट काउंट हा आपल्या डोळ्याचा लीस्ट काउंट नसतो.

आता तुमचं खोबरेल. आमच्या घरी ज्याला नाल्लेल म्हणतात ते. ४० अंश सेल्सिअसला शुद्ध खोबरेलाचा अपवर्तनांक १.४४८१ ते १.४४९१ असावा असा अन्नसुरक्षा मानकांचा दंडक आहे. शेंगदाणा तेलाचा १.४६२० ते १.४६४०. ४० अंश का, तर त्या तापमानाला ही तेलं खात्रीने पातळ असतात. तेल एक अंश तापलं की त्याचा अपवर्तनांक साधारण ०.०००४ ने उतरतो, म्हणून आपल्या ३० अंशांच्या वर्गात खोबरेल १.४५३ च्या आसपास दिसतं. पाणी याबाबतीत सोशिक आहे, अंशाला जेमतेम ०.०००१. पुस्तकातला १.३३३ हा २० अंशांचा. आपल्याकडे ३० अंशांना तो १.३३२ होतो, शाळेच्या कामाला चालतो.

भेसळ ओळखता येईल का? अर्धं खोबरेल आणि अर्धं शेंगदाणा तेल असेल तर फरक ०.००७ चा, तो भिंगाने कसाबसा दिसेल. दहा टक्के भेसळ म्हणजे फरक ०.००१५, तो भिंगाच्या आवाक्याबाहेर. शिवाय ४ अंश तापमानाच्या फरकानेही तेवढाच बदल होतो, म्हणजे दोन बाटल्या एकाच तापमानाला आणल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. तेव्हा प्रकल्पाचं नाव 'खोबरेल तेलातील भेसळ ओळखणे' असं ठेवू नका. 'मिश्रणाच्या प्रमाणाप्रमाणे अपवर्तनांक कसा बदलतो' असं ठेवा. मुलांनी स्वतः मिसळलेल्या तेलांचा आलेख काढणं प्रामाणिक काम आहे. शेजारच्या दुकानदारावर आरोप करणं नाही.

आणि डिसेंबर-जानेवारीत हा प्रयोग सकाळच्या पहिल्या तासाला ठेवू नका. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. सत्तरी तालुक्यात एका सकाळी टाचणीची प्रतिमा धुरकट दिसते म्हणून मुलांनी तीन भिंगं बदलली. नंतर कळलं की भिंगाखालचं तेलच थिजत होतं.

भिंगापेक्षा बारीक मोजायचं असेल तर पोकळ प्रिझम बनवा. सूक्ष्मदर्शकाच्या तीन काचपट्ट्या, ७५ बाय २५ मिमीच्या. प्रयोगशाळेतला ६० अंशांचा काचेचा प्रिझम साच्यासारखा वापरा: त्याच्याभोवती तीन पट्ट्या उभ्या लावून बाहेरून चिकटपट्टी गुंडाळा, प्रिझम काढून घ्या, कडांना माशांच्या टाकीला लावतात ते सिलिकॉन सीलंट भरा, खाली काचेचा तुकडा चिकटवा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. यात जेमतेम २० मिली द्रव मावतो. पट्ट्यांच्या बाजू समांतर असल्यामुळे काच स्वतः किरण वळवत नाही. सगळं वळणं आतल्या द्रवाचं.

लाल लेझर पॉइंटर स्टँडला बांधा, २ मीटरवरच्या भिंतीवर कागद चिकटवा, प्रिझम नसताना ठिपका जिथे पडतो तिथे खूण करा. मग पाण्याने भरलेला प्रिझम मध्ये ठेवून हळूहळू फिरवा. ठिपका सरकत सरकत मूळ खुणेकडे येतो, एका जागी थांबतो आणि पुन्हा मागे फिरतो. जिथे थांबतो ते किमान विचलन, म्हणजे किरण वळण्याचा सर्वांत लहान कोन. प्रिझमचा कोन आणि विचलन यांच्या बेरजेच्या अर्ध्याची ज्या (साइन), भागिले प्रिझमच्या अर्ध्या कोनाची ज्या, हा अपवर्तनांक. पाण्यासाठी विचलन साडेतेवीस अंशांच्या आसपास, म्हणजे भिंतीवर मूळ खुणेपासून ८७ सेंमी. खोबरेलासाठी १२९. इथेही आधी पाणीच मोजा आणि त्यावरून प्रिझमचा कोन काढा, कारण हाताने चिकटवलेला ६० अंश कधी ५९ असतो, कधी ६१. लाल प्रकाशाला पाण्याचा अपवर्तनांक १.३३१ धरा.

लेझर टेबलाच्या उंचीवर, बसलेल्या मुलाच्या डोळ्याच्या खाली राहील असा लावा. हिरवा लेझर आणू नका. त्यांतले पुष्कळसे वेष्टणावर लिहिल्यापेक्षा जास्त ताकदीचे निघतात.

या प्रिझमवर नीरो मोजायला मजा येते. काजूच्या हंगामात बोंडू चेचून निघालेला ताजा रस गोड असतो. त्यात १२ टक्के साखर धरली तर अपवर्तनांक १.३५१, ठिपका ९३ सेंमीवर. पाण्यापेक्षा ६ सेंमी पुढे. आधी तो दोन-तीन वेळा मलमलीतून आणि मग गाळणकागदातून गाळा, नाहीतर गढूळ रसात लेझर विखुरतो आणि ठिपक्याचा ढग होतो. आता तोच रस झाकून ठेवून काही तासांच्या अंतराने मोजत जा. आंबायला लागला की साखर कमी होते आणि ठिपका मागे सरकतो. पण तो पाण्याच्या ८७ वर कधीच येत नाही, ८८-८९ ला अडतो. का? कारण साखरेच्या जागी आलेलं अल्कोहोलही पाण्यापेक्षा जास्त वळवतं. १२ ग्रॅम साखरेतून सुमारे ६ ग्रॅम अल्कोहोल तयार होतं, आणि ते साखर संपली तरी संपली नाही असं दाखवतं. फळांच्या रसाची गोडी मोजायचं हातातलं रिफ्रॅक्टोमीटर आंबलेल्या रसावर फसतं ते याचमुळे. मुलांना ही विसंगती स्वतः सापडू द्या, आधी सांगू नका.

पुढचा प्रश्न कोणीतरी विचारणारच: मग हुर्राक आणि फेणी या काजूच्या दारूंचा कडकपणा असाच मोजता येईल का? भट्टीवर तो ग्राव नावाच्या अंशांत मोजतात, दारूत तरंगणाऱ्या काचेच्या मापाने, आणि तेच योग्य आहे. अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणाचा अपवर्तनांक अल्कोहोल वाढेल तसा वाढतो खरा, पण वजनाने पाऊणभर अल्कोहोल झाल्यावर तो शिखर गाठून उलट उतरू लागतो. त्यामुळे वरच्या टोकाला एकाच आकड्याची दोन उत्तरं निघतात. बाटली शाळेत आणू नका, एवढा आलेख कागदावर समजावा.

तुमच्या भागात आणखी एक द्रव फुकट मिळतो. आगरवाडोची मिठागरं जवळ आहेत. नळाचं पाणी, शापोरा नदीच्या मुखाजवळचं पाणी, समुद्राचं पाणी आणि मिठागराच्या शेवटच्या कोंडीतलं मीठ धरायला आलेलं पाणी, अशा चार बाटल्या आणा. नळाचं ८७ सेंमीवर, समुद्राचं त्याच्या २ सेंमी पुढे, आणि मीठ धरायला आलेलं १०० च्या पुढे. नदीच्या मुखाचं पाणी भरतीला आणि ओहोटीला वेगळं येतं. पावसाळ्यात तर ते नळाच्या पाण्याच्या जवळ जातं. खारटपणा जिभेने कळतो तो भिंतीवर सेंटिमीटरमध्ये दिसतो, याचं मुलांना फार अप्रूप वाटतं.

जर्नलाचं विचारलंत. आलेला आकडा लिहू द्या, १.२७ असला तरी, आणि खाली चूक कुठे झाली असावी ते लिहायला लावा. गुण मी नेहमी निरीक्षणांच्या तक्त्याला दिले, उत्तराला नाही. बाहेरून आलेले परीक्षकही जुने असतील तर तक्त्यात खाडाखोड नसलेला १.३३ पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडते. मुलांना ग्रीक खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीची गोष्ट सांगा. दुसऱ्या शतकात त्याने हवेतून पाण्यात जाणाऱ्या किरणांचे कोन मोजून तक्ता दिला: १० अंशांना ८, २० ला साडेपंधरा, ३० ला साडेबावीस, ४० ला २९, असं करत ८० ला ५०. लागोपाठच्या फरकांकडे पाहा: साडेसात, सात, साडेसहा, सहा. शेवटपर्यंत प्रत्येक फरक बरोबर अर्ध्या अंशाने कमी होतो. खऱ्या मोजमापात असं कधी होत नाही. आकडे नियमात बसावेत म्हणून ते सरळ केले असावेत, असं मानायला जागा आहे. ६० अंशांचा त्याचा आकडा नेमका आहे, पण ८० अंशांना खरं उत्तर साडेसत्तेचाळीसच्या आसपास येतं. अपवर्तनाचा बरोबर नियम बगदादच्या इब्न सहलने ९८४ च्या सुमारास लिहून ठेवला, युरोपात स्नेलला तो १६२१ मध्ये सापडला, आणि छापून आला तो १६३७ मध्ये देकार्तच्या हातून. मुलांना तक्ता वाचायला द्या आणि घोटाळा त्यांनाच शोधायला सांगा. दहा मिनिटांत सापडतो.

शब्दांचं जाता जाता: मराठी प्राथमिक शाळेतून आलेली मुलं 'अपवर्तन' म्हणतात, विश्वकोशात 'प्रणमन' सापडतं, आणि अकरावीपासून सगळं इंग्रजीत. दोन्ही मराठी शब्द एकदा फळ्यावर लिहून टाका, गोंधळ मिटतो.

साहित्य सांभाळण्याचं थोडं. ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७३, प्रयोगाला छान, पण ते हवेतली वाफ ओढून घेतं. आपल्या जुलैच्या हवेत बीकर रात्रभर उघडा राहिला तर सकाळी आकडा उतरलेला असतो. एक टक्का पाणी शिरलं की ०.००१४ ने. झाकण घट्ट लावा आणि दरवेळी बाटलीतून ताजं घ्या. तेल वापरल्यावर भिंग आधी साबणाच्या पाण्याने, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. रुमालाने पुसलेली भिंगं मी चरे पडून फुकट गेलेली पाहिली आहेत. आणि पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळ्या करा. नाहीतर गणपतीच्या सुट्टीनंतर कपाट उघडाल तेव्हा प्रत्येक भिंगावर बुरशीची जाळी दिसेल, आणि ठिपका दिलेली बाजू कुठली होती तेही कळणार नाही.